उन्हात सोडलेली गाय

मुलांनो, परवा फोनवर तुम्ही दोघं भांडत होतात. नव्या मोटरहोमच्या टपावर एक मोठं सोलर पॅनल बसवायचं की दोन लहान, आणि बॅटऱ्या रात्रभर टिकतील का. शेवटी थट्टेत म्हणालात, "आजी, तूच सांग." तुम्हाला वाटलं, आजी हसून सोडून देईल. पण हा प्रश्न आपल्या घरात एकदा फार गांभीर्याने सोडवला गेला आहे, आणि तो सोडवणारा माणूस तुम्ही पाहिलेला नाही, म्हणून लिहायला बसले.

सूर्याशी घरच्यासारखं भांडण असलेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. ते म्हणजे माझ्या नणंदेचे यजमान. मी त्यांना भाऊजी म्हणायची. बोईसरच्या एका कारखान्यात यंत्रांची देखभाल करून ते निवृत्त झाले, पण यंत्रांनी त्यांना निवृत्त केलं नाही. कोणतीही वस्तू दिसली की त्यांचा पहिला प्रश्न, "ही खाते किती?" आमच्या घरी नवा मिक्सर आला तेव्हा चटणीची चव बाजूलाच राहिली. "वहिनी, हा भस्म्या आहे, याला पोसणं आपल्याला झेपायचं नाही," असं म्हणून त्यांनी त्याच्याकडे पाठ फिरवली. त्यांच्या लेखी रेडिओ हा उपाशी राहूनही गाणारा गुणी प्राणी, आणि इस्त्री ही सरळ राक्षसीण. सकाळी स्वतःचा चहा घेण्याआधी ते वीज गेली तर म्हणून घरात ठेवलेल्या बॅटऱ्यांची झाकणं उघडून त्यांना पाणी पाजत. पालघरला एका लग्नात तर त्यांनी जेवणाच्या पंगतीची सगळी टेबलं हलवायला लावली, कारण पंगत बसेपर्यंत आंब्याची सावली सरकणार होती. ती सरकलीही. लग्नघरच्यांनी हात जोडले, भाऊजींनी मठ्ठा मागितला.

या सगळ्या वेडामागे एक कारण होतं, आणि ते म्हणजे आमच्या वन्सं, माझी ती नणंद. त्यांना दम्याचा विकार. तोंडावर पंखा नसला की त्या घाबऱ्याघुबऱ्या होत. बाहेरगावी रात्री वीज गेली तर, या एका भीतीने त्यांनी कित्येक वर्षं स्वतःच्या घराबाहेर रात्र काढली नव्हती. भाचीच्या लग्नाला आल्या नाहीत, गणपतीपुळ्याचा नवस तसाच राहिला. नव्वदच्या आसपास भाऊजींनी एक मोडीत निघालेली मेटॅडोर गाडी घेतली, तिच्यात खाट ठोकली, वन्संच्या जुन्या साड्यांचे पडदे लावले, ट्रकच्या दोन बॅटऱ्या बसवल्या आणि जाहीर केलं, "घरच घेऊन जातो हिला. आता कुठे नाही म्हणते बघू." पंखा ट्रकड्रायव्हरकडून आणलेला. तो देताना ड्रायव्हर म्हणाला होता, "साहब, रात भर ये चलेगा, तो सुबह गाड़ी धक्के से चलेगी." म्हणून बॅटऱ्या भरायला ऊन. शेजारी हसत, की पलीकडे घिवलीजवळ एवढं मोठं वीजकेंद्र, आणि हे उन्हाकडे पदर पसरतात. भाऊजींचं उत्तर ठरलेलं, "तिथल्या विजेला चाकं नाहीत."

पॅनल निवडायला ते मुंबईला गेले, ते पंखा पिशवीत घालून. माझे यजमान सोबत होते. स्थळ बघायला आल्यासारखं भाऊजींनी प्रत्येक पॅनल दुकानाबाहेर फुटपाथवर आणून उभं केलं. दुकानदार दुपारचा आकडा सांगू लागला तेव्हा म्हणाले, "भर दुपारी सगळेच कर्तबगार असतात हो. उन्हं कलल्यावर काय देतं ते दाखवा." आणि खरंच संध्याकाळपर्यंत तिथे बसून राहिले. छत्रीची थोडीशी सावली एका कोपऱ्यावर पडली की पंखा जवळजवळ थांबतो, हे त्यांनी तिथेच पाहिलं आणि एक मोठं, जड पॅनल पसंत केलं.

पहिली परीक्षा मुरब्याच्या किनाऱ्यावर. एक रात्र निभावली तर पुढे गणपतीपुळे. आम्ही दोघंही बरोबर होतो. भाऊजींनी गाडी सुरूच्या झाडांच्या सावलीत लावली, तर टपावरच्या पॅनलला ऊन मिळेना. उन्हात लावली, तर आत भट्टी झाली आणि वन्संना धाप लागली. गाडी तीनदा पुढे, तीनदा मागे. भाऊजी रडकुंडीला आले. "तुला सावली हवी, त्याला ऊन हवं. मी करू काय?"

वन्सं खाटेवरून म्हणाल्या, "मला त्या टपावरच्या पाटीशी एका दाव्याला बांधलंय का? गाय नाही का लांब दोर देऊन चरायला सोडत? सोडा तिला."

भाऊजी टपावर चढले. मग पॅनल खाली उतरलं, जाड वायरचं भेंडोळं सुटलं आणि गाय वाळूत चरायला उभी राहिली. आम्ही निवांत जेवलो. जेवून पाहतो तर बॅटरीचा काटा जागचा हलेना. भाऊजी धावले. पॅनलवर वीतभरही काळं दिसत नव्हतं, एका कोळीणबाईने त्यावर बारीक कोलंबीसारखा जवळा वाळत पसरला होता.

"अगं बाई, हे काय केलंस!"

"काका, तुमचा काला आरसा जाम तापतो. कसं लवकर सुकतं बघा! तुमाला पन देते वाटाभर, रागवू नका."

"त्याच्यावर माझ्या बायकोचा पंखा चालतो गं!"

"आरशावर पंखा? काका, ऊन लागलंय तुमाला," असं म्हणत तिने जवळा मात्र मुकाट्याने उचलला. भाऊजींनी काच पुसली, स्टूल मांडलं आणि छत्री घेऊन तिथेच राखणीला बसले. ऊन सरके तसं पॅनल वळवायचं. छत्रीची सावली काचेवर पडू नये म्हणून ती अशी तिरपी धरली, की ते स्वतः अर्धे उन्हातच राहिले. वन्सं पडद्यातून ओरडल्या, "अहो, आत या, करपाल!" "गाय सोडून कसा येऊ?" ती कोळीण जाता जाता आपल्या नवऱ्याला म्हणाली, "बघ, म्हातारा बायकोसाठी उनाला राखन बसलाय. नायतर तू!"

त्या रात्री पंखा थांबला नाही. सकाळी वन्सं उशिरा उठल्या. किनाऱ्यावर होड्या लागल्या होत्या. त्या पायरीवर बसून म्हणाल्या, "पुळं किती लांब हो इथून?" भाऊजी उगाचच टायर तपासू लागले. मी चहा ठेवला.

पुळ्याला त्या गेल्या. आणखीही पुष्कळ ठिकाणी गेल्या, सावलीत बसून.

तेव्हा पॅनल एक घ्या वा दोन, पण एक तरी टपावरून सुटणारं घ्या.

आता वन्सं नाहीत, भाऊजी नाहीत, मेटॅडोर केव्हाच भंगारात गेली. पॅनल आमच्या गच्चीवर आहे. काच एका बाजूने धुरकटली आहे. त्यावर एक लहान पंखा अजून फिरतो.