मावशीच्या पायातले चिवट जंतू

मावशी शिलाई मशीन दुरुस्त करायची. मशीन चालू झालं की गिऱ्हाईक खूश व्हायचं. मावशीला मात्र ते बंद का पडलं होतं हे कळेपर्यंत चैन पडायचं नाही. बाकी शौक म्हणाल तर एकच, दुकान उघडण्याआधी नदीत पोहायचं.

एकदा पोहताना तिच्या नडगीला दगड लागला. खरचटलं होतं एवढंसं. "वाळेल," म्हणाली. वाळलं तर नाहीच, उलट पाय टरारून सुजला. डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या, मग बदलून दिल्या. ताप हटेना. शेवटी पू तपासायला पाठवला, तेव्हा कळलं, नेहमीच्या औषधांना हे जंतू दादच देत नाहीत.

"मावशी, खरं सांगा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "जरा कणकण आली की मनानेच गोळ्या घेता ना?"

"अहो, डोकं फुटायला आलं तरी मी गोळी घेत नाही! विचारा भाचीला."

मी मान डोलावली.

"मग मला सांगा," मावशी पलंगावर उठून बसली, "या जंतूंची आणि औषधाची गाठ पडली कुठे? माझ्या अंगात तर नाही!"

डॉक्टरीणबाई हसल्या. मग खुर्ची ओढून बसल्या. "पोहता कुठे?"

"नदीत."

"वरच्या अंगाला औषधांचा कारखाना आहे. शिवाय आपण घेतलेलं औषध सगळं अंगात जिरत नाही, थोडं बाहेर पडतं. उरलेल्या गोळ्या लोक मोरीत टाकतात. ते सगळं नदीत. तिथे औषध अगदी थोडं, त्यामुळे लेचेपेचे जंतू मरतात, चिवट तेवढे उरतात आणि वाढतात. तुमचे तिथलेच, असं मात्र छातीठोकपणे नाही सांगता येणार."

सलाईनमधून जहाल औषध गेलं, तेव्हा कुठे पाय वाचला. मी सुटले म्हटलं. पण मावशीच्या डोक्यात किडा वळवळत होता.

चालता येऊ लागताच ती मला घेऊन कारखान्यामागे, सांडपाणी नदीत सोडणाऱ्या पाइपापाशी गेली. फेस नाही, रंग नाही, वास नाही. नितळ पाणी! ती चक्क हिरमुसली.

"साफ करूनच सोडतात, बाई," चौकीदार म्हणाला.

"औषध उरलंय का, ते बघतात?"

त्याने कान खाजवला. "हे कुणी विचारलं नव्हतं बुवा."

शहराचं पाणी तपासणाऱ्या साहेबांकडेही तेच. गाळ, क्लोरीन, जंतू, सगळं बघतात, औषध नाही. पण त्यांनाही आता राहवेना. त्यांनी ओळखीच्या प्रयोगशाळेत बाटल्या पाठवल्या. नदीत जंतू मारणारी औषधं निघाली. घरोघरी येणाऱ्या नळाच्या पाण्यातही, अगदी नखभर.

"हे पिऊन काय होतं?" मावशीने विचारलं.

"घोटभर पिऊन काही नाही. वर्षानुवर्षं पिऊन काय होतं, ते अजून कुणालाच नीट ठाऊक नाही. चिवट जंतू तर तुम्ही पाहिलेच."

"पाहिले कसले, पोसले!"

आता ती पोहायच्या टाकीत पोहते आणि क्लोरीनच्या नावाने खडे फोडते. कारखान्याने तपासणी करायचं कबूल केलंय. कधी, ते सांगितलेलं नाही. तोवर साहेबांबरोबर बाटल्या भरायला मावशी जाते. परवा म्हणाली, "आज कारखान्याच्या वरचं पाणी भरू. तिथेही औषध निघालं, तर ते कुणाच्या घरचं?"