खाचेतला शायब

इजिप्तमधल्या दुम्यात शहराच्या सुतारगल्लीत वीस वर्षं एक भांडण रोज सकाळी नेमाने होत असे. तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून उम्म रिफअत दोरीला बांधलेली टोपली खाली सोडायची आणि समोरच्या वाण्याला, अम्म बिशायला, म्हणजे बिशायकाकाला, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं विचारायची, "हे चीज आहे की समुद्र?" आणि बिशाय खालून ओरडायचा, "नको असेल तर समुद्राकडूनच घ्या!" सुतार रंधा थांबवून ऐकत. खारट असलं तरी चीज त्याच्याकडचंच यायचं, आणि अर्धा तुकडा तर बाई जिना चढून आलेल्या पाहुण्याला हौसेने खाऊही घालायची.

उम्म रिफअत म्हणजे रिफअतची आई; तिचं खरं नाव इन्शिराह. नवरा गेला तेव्हा रिफअत अकरा वर्षांचा होता. दिराने सांगितलं, गावाकडे चल, दोन खोल्या देतो. ती म्हणाली, "खोल्या राहू द्या, शिवणयंत्र तेवढं वर चढवून द्या." मग तीस वर्षं तिने दुम्यातच्या खुर्च्यांच्या बैठका शिवल्या. जाड कापड, वाकडी सुई, उजव्या हाताच्या बोटांना कायमचे घट्टे. माणूस कुणाचं ऐकत नाही याचं कौतुक करावं की कीव करावी, हे तिच्या बाबतीत कधी कुणाला ठरवता आलं नाही.

शुक्रवारी मात्र शिवण बंद. जेवणं आटोपली की टेबल पुसून पत्ते निघायचे आणि शायबचा डाव बसायचा. खेळ सोपा. चार राजांपैकी तीन बाजूला काढायचे, उरलेला इस्पिकचा राजा तो शायब, पिकल्या केसांचा म्हातारा. सगळे पत्ते वाटायचे. ज्याच्याकडे जोडी असेल त्याने ती टाकायची. मग प्रत्येकाने शेजाऱ्याच्या हातातला एक पत्ता न बघता ओढायचा, जुळला तर जोडी टाकायची, नाही तर ठेवून घ्यायचा. पत्ते संपले तो सुटला. शेवटी ज्याच्या हातात म्हातारा उरला तो हरला.

या घरात त्याला वेगाची फोडणी होती. पत्त्यांचा कंटाळा असलेली सून टाळ्या वाजवायची, आणि तिसऱ्या टाळीच्या आत ओढून, जुळवून, टाकून झालं पाहिजे. उशीर झाला की तुर्शीच्या, म्हणजे लोणच्याच्या बरणीतलं आंबट पाणी चमचाभर, तोंड वाकडं न करता प्यायचं. मोठी शिक्षा हरणाऱ्याला. जो सर्वांत आधी सुटला तो हुकूम द्यायचा आणि हरलेल्याने तो पाळायचा. रिफअत साखरपुड्याच्या दुसऱ्याच शुक्रवारी सासरच्या मंडळींसमोर जिन्यात उभा राहून गाढवासारखा ओरडला होता. उम्म रिफअतची नणंद तफीदा, अडुसष्ट वर्षांची बाई, डोक्यावर पातेलं घालून शेजारणीकडे लिंबू मागायला गेली होती. हुकूम मोडला तर पुन्हा डावात जागा नाही, हा नियम खुद्द उम्म रिफअतचा.

मग हिवाळ्याच्या तोंडावर तिला अर्धांगाचा झटका आला. उजवा हात मांडीवर पडून राहू लागला. जीभ जड झाली, शब्द ओठांपर्यंत येऊन अडकायचे. घरच्यांशी ती कसंबसं बोले, बाहेरच्या कुणाशी नाही. पहिल्याच आठवड्यात तिने गॅलरीचं दार लावून घेतलं. टोपली आता नात खिडकीतून सोडायची, शाहिंदा, सोळा वर्षांची. चीज गुपचूप वर यायचं.

शुक्रवारी तिची खुर्ची खिडकीपाशी मांडली जाई. पाठीशी उशी, हातात चहा, आणि वर रिफअतचं वाक्य, "आई, तू नुसती बघ. दमशील." चार महिने तिने नुसतं बघितलं. पाचव्या महिन्यात तिने खालच्या साबरी सुताराला बोलावणं पाठवलं आणि डाव्या हाताने कागदावर एक रेघ आणि तिच्यावर एक खाच काढून दाखवली. साबरीने बीच झाडाच्या लाकडाचा वीतभर तुकडा घेतला, त्याला आडवी खाच पाडली, पॉलिश मारलं आणि पैसे घ्यायला साफ नाही म्हणाला. त्या शुक्रवारी ती काठी टेकत टेबलापाशी आली, लाकूड समोर ठेवलं, एका हाताने एक पत्ता खाचेत उभा करून दाखवला आणि म्हणाली, "पत्ते वाट."

तीन शुक्रवार लागोपाठ तीच पहिली सुटली. पहिल्या वेळी खूश झाली. दुसऱ्या वेळी रिफअतला तिने चमच्याने साखर खाण्याचा हुकूम दिला, कारण लांबलचक काही सांगता येईना. तिसऱ्या वेळी तिच्या लक्षात आलं की तिची पाळी आली की सूनबाईच्या टाळ्या पेंगायला लागतात.

आणि मग तिने दुसरंही पाहिलं. घरातला पत्त्यांचा जोड जुना, त्यात शायबचा एक कोपरा फाटलेला. शायब तिच्या खाचेत आला की तिच्याकडून ओढणारा रिफअत लाकडावरून हळूच नजर फिरवायचा आणि नेमका तोच पत्ता उचलून घ्यायचा. पुढे शाहिंदा तो त्याच्याकडून घ्यायची. आज्जीला म्हातारा चिकटू नये म्हणून अख्खं घर लबाडी करत होतं.

तिला संताप आला. रांगत्या पोराला मुद्दाम जिंकू देतात, तसं हे जिंकवणं. दया करायची तर तोंडावर करावी, पाठीमागून काय?

शनिवारपासून, घर रिकामं झालं की ती कपाटातून कात्री काढायची. कात्री उजव्या हाताची, डाव्या हातात ती कापायच्या ऐवजी चावायची. पत्ता खाचेत उभा करायचा आणि कोपरा कातरायचा. पहिल्या दिवशी आठ पत्ते झाले आणि अंगठ्याला फोड आला. रोज आठ असं तिने ठरवलं आणि ते मोडलं नाही. गुरुवारी दुपारी अठ्ठेचाळीस पत्ते पुरे झाले. शायबला तिने हात लावला नाही, त्याचा कोपरा आधीच गेलेला.

शुक्रवारी तिने जोड टेबलावर ठेवला. तफीदाने एक पत्ता उचलला, मग दुसरा.

"हे उंदरांचं काम की माणसाचं?"

"माझं."

रिफअतची मान खाली गेली. तफीदा आधी भावजयीकडे, मग भाच्याकडे बघत राहिली.

"बरं केलंस. मला या चोरट्यांबरोबर खेळायची लाज वाटायला लागली होती."

"टाळ्या," उम्म रिफअत सुनेला म्हणाली. "नीट वाजव."

त्या दिवशी खरा डाव झाला. पहिल्या फेरीतच तिला उशीर झाला. शाहिंदाने चमचा पुढे केला आणि बाईने आंबट पाणी तोंड वाकडं न करता प्यायलं. दुसऱ्यांदा प्यायलं. तिसऱ्यांदा टाळीच्या आधी जोडी पडली आणि तफीदा म्हणाली, "अगं, जरा जोड्या आमच्यासाठीही ठेव." पण सर्वांत आधी सुटली ती तफीदाच. मग शाहिंदा. शेवटी मायलेक उरले. रिफअतच्या हातात एक सत्ती, खाचेत दोन पत्ते. त्याने कोपरे बघितले. दोन्ही कातरलेले. तिसरी टाळी पडायच्या आत त्याने एक ओढला आणि तो सत्ती निघाला. त्याने जोडी अशी टाकली की जणू त्याचाच गुन्हा होता.

खाचेत एकटा म्हातारा उभा राहिला.

"आत्या," रिफअत घाईने म्हणाला, "काहीतरी हलकं सांग. साखर वगैरे."

"तू सुटलास ना? मग गप्प बस." तफीदाने गॅलरीच्या बंद दाराकडे बघितलं. "इन्शिराह, टोपली सोड. आणि बिशायला विचार. पूर्वी विचारायचीस तेच, तेवढ्याच मोठ्याने."

"आत्याआजी, तिला बोलताना..." शाहिंदाचे डोळे भरले.

"मला ठाऊक आहे तिला काय होतं ते. मला काय बहिरी समजतेस?"

शुक्रवार होता, रंधे बंद, गल्ली चिडीचूप, उघडं दुकान एकट्या बिशायचं. एकेक तुटका शब्द प्रत्येक खिडकीत जाणार होता. नाही म्हणाली असती तर कुणी चकार शब्द काढला नसता. फक्त खिडकीपाशी उशी होती, चहा होता आणि जन्मभर नुसतं बघणं होतं.

ती उठली. कडी गंजली होती, ती काठीने ठोकून काढली. डाव्या हाताने टोपली सोडली. टोपली तीनदा भिंतीला आपटली आणि खाली टेकली.

पहिल्यांदा तोंडातून नुसती हवा निघाली. तिने कठडा घट्ट धरला.

"बि... शाय."

समोरची एक खिडकी उघडली. मग दुसरी. बिशाय दुकानाबाहेर आला, कपाळावर हात धरून वर बघू लागला.

"हे चीज... आहे..." पुढचा शब्द अडकला. मागून रिफअत एक पाऊल पुढे आला तसा तफीदाने त्याचा सदरा धरून ठेवला. बाईची मान ताणली गेली, ओठ वाकडा झाला, सगळ्यांना दिसला. "की स... समुद्र?"

बिशायने कमरेवर हात ठेवले.

"नको असेल तर समुद्राकडूनच घ्या, उम्म रिफअत!" आवाज शेवटी जरा फाटला. "पाच-सहा महिने कुणी काही बोलेना. मीठ किती घालायचं तेच मला कळेना!"

ती रडली. हसलीही असेल, वाकड्या ओठावरून नीट कळलं नाही. बिशायने चीज घालून जड केलेली टोपली वर येताना तिने कुणाला हात लावू दिला नाही, एकाच हाताने दोरी ओढायची, कठड्याशी पोटाने दाबून धरायची, पुन्हा ओढायची. चीजचा तुकडा मोडून तिने तिथेच तोंडात टाकला.

"खारटच आहे," ती म्हणाली. गॅलरीचं दार उघडंच ठेवून ती टेबलापाशी आली, लाकूड सरळ केलं आणि तफीदाकडे बघितलं. "वाट. आता तुझी पाळी."