दोनशे चौदा मीटर

ओमानमधल्या सहमच्या बाजारातून समुद्राकडे जो रस्ता जातो त्यावर आमचं दुकान आहे. आमचं म्हणजे अर्बाबचं, माझ्या इथल्या मालकाचं. मी नुसता सोळा वर्षं तिथे उभा आहे. तंबू, गळ, थर्मास, दुर्बिणी, आणि काचेच्या कपाटात लेझर रेंजफाइंडर. मुठीत मावेल एवढं यंत्र. डोळ्याला लावायचं, समोरच्या झाडावर रोखायचं, बटण दाबायचं. झाड किती मीटरवर आहे तो आकडा आत उमटतो. शिकाऱ्याला तो लागतो, कारण लांब गेलेली गोळी खाली येते, आणि किती खाली येणार ते अंतरावर ठरतं. मी स्वतः आयुष्यात एक उंदीर मारला असेल, तोही पिंजऱ्यात सापडलेला. पण जे विकायचं ते आपल्याला कळलंच पाहिजे, हा माझा हट्ट. म्हणून नवीन आलेलं प्रत्येक मॉडेल मी आधी गच्चीवर नेतो.

हिवाळ्यात सकाळी सातला गच्चीवर उभं राहिलं की सगळं सहम पाण्यात भिजत ठेवल्यासारखं मऊ दिसतं. मशिदीचा मिनार एकशे अठ्ठ्याऐंशी मीटर. शेजाऱ्यांची टाकी बहात्तर. दोरीवरची चादर एकोणतीस, वाऱ्याने फुगली की अठ्ठावीस. पश्चिमेला डोंगर आहेत, निळे, एकामागे एक, पण ते आकडा देत नाहीत. समुद्रही देत नाही. त्याच्यावर यंत्र रोखलं की आकड्याच्या जागी चार आडव्या रेघा येतात. लेझर जातो तो जातोच. त्या रेघांकडे बघत मी किती वेळ उभा राहतो ते माझं मलाच कळत नाही. बायको इथल्याच एका दवाखान्यात नर्स आहे. ती ड्यूटीवर निघताना खालून ओरडते, “समुद्र मोजून झाला असेल तर घरात मीठ किती उरलंय तेवढं मोजा!”

गेल्या हिवाळ्यात एक ओमानी गिऱ्हाईक आलं. पस्तिशीचा, सोहारला नोकरी करणारा, शांत माणूस. वडिलांसाठी रेंजफाइंडर हवा होता. इथे रानातलं जनावर मारायला बंदी आहे, आणि ती असावीच. त्यामुळे हौशी मंडळी रीतसर परवाने काढून आफ्रिकेत जातात. हे तिघे भाऊ वडिलांना घेऊन दोन आठवड्यांनी निघणार होते. वडील पंचाहत्तरीचे. तरुणपणी नेमबाजीच्या पैजांमध्ये त्यांच्या शेजारी उभं राहायला लोक कचरायचे, असं मुलगा सांगत होता. “उनका आखरी बार है,” तो इथल्या बाजारी हिंदीत म्हणाला. “तुम खेत पे आओ. बाबा के हाथ में देके देखो. जो उनको ठीक लगे, वो दे दो.” मग जाता जाता दारात थांबून म्हणाला, “उनको ठीक लगना चाहिए.” तेव्हा मी ते विशेष मनावर घेतलं नाही. गिऱ्हाईक रिकाम्या हाताने गेलं की मला जेवण जात नाही. माझं लक्ष विक्रीवर होतं.

शुक्रवारी तीन मॉडेलं पिशवीत घालून मी शेतावर गेलो. खजूर, लिंबं, जनावरांसाठी लावलेलं हिरवं गवत, मधूनच वाहणारं पाटाचं पाणी. वसईच्या आमच्या वाडीची आठवण आली. म्हातारबाबा ओसरीवर सतरंजी टाकून बसले होते. पांढरीशुभ्र दाढी, ताठ पाठ, मोठे सुंदर हात. इथे कहवा, म्हणजे वेलची घातलेली कडू कॉफी, झाल्याशिवाय कामाचं बोलायचं नसतं. खजूर झाले, कहवा झाला. तिसऱ्यांदा ओतू लागले तेव्हा मी रिकामा कप हलवून पुरे म्हटलं. मग पिशवी उघडली.

पहिल्या यंत्रातले आकडे काळे होते. “नंबर नहीं दिखता,” बाबा सरळ म्हणाले. बरोबरच होतं, खजुराच्या गर्द सावलीवर काळा आकडा म्हणजे काळ्या पाटीवर कोळशाने लिहिल्यासारखा. दुसऱ्याचं भिंग मोठं होतं, पण वजनाने हात थरथरायचा. तिसऱ्यात आकडे लाल, निखाऱ्यासारखे पेटलेले. बाबांनी ते डोळ्याला लावलं, बटण दाबलं आणि लहान मुलासारखे हसले. मग एकेक मोजत सुटले. टाकी एकशे सहा. मोठा खजूर एकशे एकतीस. शेताच्या टोकाला भिंत होती, तिच्यातलं निळं फाटक दोनशे चौदा. प्रत्येक आकडा मी नंतर स्वतः तपासत होतो. एकही चुकला नाही. तिरक्या उतारावर हे यंत्र सपाट अंतर कसं काढतं तेही मी समजावलं. ते मान हलवत होते, पण त्यांचं लक्ष फाटकाकडे होतं. सत्तर वर्षं जे नुसत्या नजरेने जोखलं ते आज आकड्यात भेटत होतं, आणि दोन्ही जुळत होतं. मला खूप बरं वाटलं. ते विकलं गेल्याचं तर होतंच, पण त्याहून वेगळंही काही होतं. सकाळ तशीच होती. कुठेतरी पारवे घुमत होते, लिंबाच्या फुलांचा वास येत होता, आणि एक म्हातारा माणूस आनंदाने आपलं शेत मोजत होता.

“अब आदमी देखूंगा,” ते म्हणाले. “जाओ, गेट के पास खडे रहो.”

बाबांना फोन लावून, तो चालू ठेवून मी निघालो. फाटकापाशी जायला हवं होतं. पण दहा वाजले होते, भिंतीपाशी पाऊलभर सावली नव्हती, आणि वाटेत पानांनी गच्च भरलेलं एक लिंबाचं झाड होतं. वसईच्या माणसाला झाड दिसलं की पाय आपोआप तिकडे वळतात. उन्हात उभं राहायचं ते फक्त जत्रेत आणि मयताला. मी झाडाखाली थांबलो, दोन्ही हात खिशात घालून. फाटक अजून साठेक मीटर पुढे होतं. म्हटलं, कुठेही उभा असलो तरी काय, यंत्र खरं तेच सांगणार. उलट परीक्षाच होईल.

फोनमधून बाबांचा आवाज आला. “दो सौ बारा.” मग हसू. “हां, देखा. हाथ ऊपर किया तुमने. बस, बस, नीचे करो.”

माझे हात खिशात होते.

मी वळून फाटकाकडे बघितलं. फाटकाच्या अलीकडे विहिरीचा पंप होता. त्याच्यावर ऊन येऊ नये म्हणून खांबाला खताचं रिकामं पांढरं पोतं बांधलं होतं. त्याची एक बाजू सुटली होती आणि वाऱ्याने वर जाऊन खाली येत होती. बाबांनी तेच मोजलं होतं. मोजलं अगदी अचूक होतं.

परत ओसरीपर्यंत चालत येताना मी ठरवत होतो की काही बोलायचं नाही. कसला म्हातारा, किती आनंदात! मुलं सोबत असतील, वाटाड्या असेल, मी कोण मधे बोलणारा? यंत्रात खोट नव्हती. लाल आकड्याचं मॉडेल हेच त्यांच्यासाठी योग्य होतं, हे मी छातीवर हात ठेवून सांगू शकलो असतो. पायऱ्या चढलो तेव्हा बाबांनी विचारलं, “ठीक था?” तोंडातून ‘हो’ निघणारच होतं. मग त्यांच्या डोळ्यांकडे बघितलं. पाणीदार, करडे डोळे. माझ्याकडे वळलेले, पण माझ्या खांद्यापलीकडे कुठेतरी टेकलेले.

“बाबा, मैं उधर नहीं था,” मी म्हणालो. “मैं नींबू के नीचे था.”

बाबांनी यंत्र मांडीवर ठेवलं. मग हळू आवाजात विचारलं, “तो वो कौन था?”

मी सांगितलं. पंप, खांब, पोतं. सांगताना मलाच लाज वाटत होती, जणू ते पोतं मीच मुद्दाम तिथे बांधलं होतं. बाबांनी यंत्र पुन्हा डोळ्याला लावलं, फाटकाकडे बघत राहिले. बटण दाबलं नाही. मग यंत्र खाली घेतलं, त्याची पट्टी नीट गुंडाळली आणि ते खोक्यात ठेवून झाकण लावलं. तेवढ्या कामाला त्यांनी एवढा वेळ घेतला की मी दुसरीकडे बघू लागलो.

“शिकार में मेरे लडके आगे चलते हैं,” ते म्हणाले. “मेरे आगे. तीनों.”

पारवे तसेच घुमत होते. बाबांनी माझा हात धरला. ते मोठे हात आतून कापसासारखे मऊ होते.

“मेरे बेटे को बोलना, अच्छा वाला माल नहीं था. दुकान में खलास. बाबा बोले, इसके बिना नहीं जाएंगे.” मग थोडं थांबून, “वो मुझसे नहीं पूछ सकता. मैं उसको नहीं बोल सकता. तुम बोल दो.”

आणि त्यांनी मला आणखी एक कप कहवा ओतला, जणू मी आत्ताच आलो होतो.

त्या दुपारी मी जेवलो नाही. बायकोला सगळं सांगितलं. ती नेहमीसारखी चिडवणार असं वाटलं होतं. ती म्हणाली, “खोटं नीट बोला हं. तुम्हाला जमत नाही.”

रविवारी मुलगा आला. मी काउंटरमागे उभा. घोकून ठेवलेलं वाक्य म्हणालो, चांगलं मॉडेल शिल्लक नाही, बाबांना दुसरं पसंत पडलं नाही, ते म्हणतात त्याच्याशिवाय जाणार नाही. त्याने ऐकून घेतलं. मग त्याची नजर माझ्या पाठीमागच्या फळीवर गेली. तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी ती आवरायलाच विसरलो होतो. लाल आकड्याच्या मॉडेलची सहा खोकी, एकावर एक, चित्रासकट, त्याच्यासमोर उभी होती.

मी काउंटरवरची पावतीबुकं सरळ करू लागलो.

“खलास?” त्याने विचारलं.

“खलास,” मी म्हणालो.

तो खोक्यांकडे बघत होता. त्याचे डोळे भरून आले, आणि त्याच वेळी खांदे सैल पडले. किती दिवसांचं ओझं घेऊन हा माणूस फिरत होता ते मला तेव्हा कळलं. त्याने काउंटरवरून हात पुढे करून माझा हात हातात घेतला, दुसऱ्या हाताने वरून झाकला, आणि वडिलांसारखाच जरा वेळ तसाच धरून ठेवला.

“शुक्रन,” तो म्हणाला, आणि रिकाम्या हाताने बाहेर पडला.