मे महिन्यातली थंडी

बाबांनी कूलर बंद करायला सांगितलं तेव्हा मला वाटलं, टाकीतल्या पाण्याच्या वासाचा त्रास होत असेल. मी पाणी बदललं, खसच्या ताट्या नव्या बसवल्या. संध्याकाळी कामावरून परत आले तर कूलर पुन्हा बंद. बाहेर सक्करदऱ्याच्या रस्त्यावर डांबर मऊ पडलेलं, आणि बाबा पलंगावर पूर्ण बाह्यांचा स्वेटर घालून बसलेले.

"काहून बंद केला, बाबा?"

"मले थंडी वाजून राहिली वं."

मे महिना होता. माझ्या पाठीवरून घामाच्या धारा वाहत होत्या. मी त्यांचा हात हातात घेतला. तो खरंच गार होता.

बाबा उमरेडचे विणकर. हातमाग बंद पडल्यावर ते नागपुरात आले आणि सत्तरी गाठेपर्यंत कापडाच्या दुकानात उभ्यानं काम केलं. मागाखालच्या खड्ड्यात पाय सोडून, पायानं माग चालवत वाढलेला माणूस. त्यांच्या पिंढऱ्या म्हातारपणीही घट्ट होत्या. त्या वर्षी मात्र ते आमच्या दुसऱ्या मजल्याचा जिना चढताना मधल्या वळणावर बसू लागले. बोलणं हळू झालं. आवाज घोगरा झाला. आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच, त्यामुळे हे सगळं पाहणारी मी एकटी.

आणि पाहायला मी नको तितकी शिकलेली होते. माझं काम प्रयोगशाळेत, म्हाताऱ्या उंदरांच्या पेशींवर. पेशीत बारीक कण असतात, तंतुकणिका म्हणतात त्यांना. अन्न आणि ऑक्सिजन वापरून त्या ऊर्जा तयार करतात. त्यातली बरीच उष्णता होऊन जाते, म्हणून अंग गरम राहतं. उंदराच्या स्नायूतून काढलेल्या तंतुकणिका आम्ही काचेच्या छोट्या बंद कुपीत सोडतो. त्या ऑक्सिजन संपवू लागतात तशी पडद्यावरची रेघ खाली उतरते. तरुण उंदराची रेघ झपकन उतरते. म्हाताऱ्याची रेंगाळते. त्याच म्हाताऱ्याचं यकृत पुष्कळदा बरं निघतं, हृदयाचं काही सांगता येत नाही, पण पायाचा स्नायू बहुधा मागे पडलेला असतो.

पूर्वी ती रेघ पाहून मला काही वाटत नसे. आता ती रेंगाळली की मला आमचा जिना दिसायचा.

मी दुपारी घरी फोन करू लागले. बाबा उशिरा उचलायचे. "आहे ना वं," एवढंच म्हणायचे. एक दिवस त्यांनी उचललाच नाही. पुन्हा केला, तरी नाही. बर्फात ठेवलेला नमुना तसाच सोडून मी स्कूटर काढली. तोंडावर रुमाल बांधायचंही भान नव्हतं. दार उघडलं तर बाबा खुर्चीत, मान एका बाजूला कललेली. हाक मारली, हललेच नाहीत. खांदा हलवला तेव्हा त्यांनी सावकाश डोळे उघडले.

"इतक्या लवकर आली?" ते म्हणाले.

मी तशीच त्यांच्या पायाशी फरशीवर बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी त्यांना हृदयाच्या डॉक्टरांकडे नेलं. ईसीजीची पट्टी काढली, हृदयाची सोनोग्राफी झाली. हृदय ठीक होतं. डॉक्टर म्हणाले, "वय झालं आहे, थोडं चालणारच." दुसऱ्या कोणाला हे ऐकून बरं वाटलं असतं. मी आणखी घाबरले. हृदय ठीक असेल तर मग हे तेच होतं, जे मी रोज पडद्यावर पाहत होते आणि ज्याच्यावर औषध नाही हे मला ठाऊक होतं. थंडी वाजणं, थकणं, हळू होणं, सगळं त्यात बसत होतं. मी बाबांना भाजी आणायला पाठवणं बंद केलं. ते मोरीकडे निघाले तरी मी मागून जायची.

"मी काय पडून राहिलो का?" ते एकदा चिडून म्हणाले. चिडायलाही त्यांना वेळ लागत होता.

शेवटी मी हे आमच्या प्रयोगशाळेच्या मॅडमना सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"आपल्याकडचे उंदीर नुसते म्हातारे आहेत हे आपण कशावरून म्हणतो?" त्यांनी विचारलं.

"आजारी असतात ते आधीच वेगळे काढतो म्हणून."

"मग बाबांचे आजार तपासून झाले का? एक हृदय पाहिलंस फक्त."

त्याच आठवड्यात मी बाबांना एका फिजिशियन बाईंकडे घेऊन गेले. त्यांनी आधी स्वेटरकडे पाहिलं, मग बाबांना त्यांचं गाव विचारलं आणि उत्तरापेक्षा आवाजच जास्त ऐकला. चेहरा, पापण्या पाहिल्या. मग त्यांना खुर्चीवर गुडघे टेकायला लावून टाचेच्या वरच्या शिरेवर रबरी हातोडी मारली. पाऊल उडालं, पण जागेवर परत यायला त्यानं वेळ घेतला. आखडलेला स्नायू सैल व्हायलाही ऊर्जा लागते हे मी पुस्तकात शिकले होते. डोळ्यांनी पहिल्यांदा पाहिलं.

रक्त तपासलं. थायरॉईड फार कमी निघालं. पेशींनी अन्न किती वेगानं जाळायचं हे ज्या संप्रेरकाच्या सांगण्यावर ठरतं, तेच अंगात अपुरं पडत होतं.

"गोळी सुरू करू, पण अगदी थोडी," डॉक्टर बाई म्हणाल्या. "एकदम वाढवली तर या वयात हृदयाला झेपत नाही."

म्हणजे काळजी संपली नाही, फक्त तिची जागा बदलली. रोज सकाळी उपाशीपोटी गोळी, आणि त्यानंतर बराच वेळ चहा नाही. बाबा रिकाम्या कपाकडे बघत बसायचे.

"तुह्या उंदरायलेही असंच उपाशी ठेवतं का?"

मी हसले, आणि हसता हसता त्यांची नाडी पाहत होते. मात्रा वाढवली की माझी झोप उडायची. छातीत धडधडतं का, असं इतक्यांदा विचारायची की ते ऐकू न आल्यासारखं करायचे.

पोळ्याच्या सुमारास त्यांचा आवाज थोडा मोकळा झाला. दिवाळीपर्यंत ते जिन्यात न बसता वर येऊ लागले. पण पूर्वीसारखे नाही. कठड्याला हात लावूनच. मी डॉक्टर बाईंना विचारलं, रक्त आता बरोबर आहे, मग हे उरलेलं काय?

"ते वय," त्या म्हणाल्या. "त्यातलंही चालून, हातपाय हलवून थोडं परत येतं. त्यांना बसवून ठेवू नका."

म्हणून थंडी सरता सरता उमरेडला नात्यातलं लग्न निघालं आणि बाबा म्हणाले, मी एकटा जातो, तेव्हा मी नाही म्हटलं नाही. बसस्टँडवर सोडलं. दारातल्या दांड्याला धरून ते चढले, मागच्या बाईनं आधाराला हात पुढे केला तो त्यांनी घेतला नाही. त्या दिवशी कुपीत तंतुकणिका सोडल्या तरी माझं लक्ष पडद्यावर नव्हतं. दुपारी त्यांचाच फोन आला.

"पोचलो. जेवून राहिलो. आता सारखा फोन नको करू, लोकं हासून राहिले."

मागे पंगतीचा गलका होता. मी बरं म्हटलं. आणि संध्याकाळी पुन्हा केला.