अठ्ठेचाळीस खणांचं जग

काकांनी छत्तीस वर्षं टपाल कचेरीत पत्रांची वर्गवारी केली. पत्र हातात आलं की नजर पत्त्याच्या शेवटच्या ओळीवर आणि पत्र आपल्या खणात; मध्ये विचाराला सवड नसे. निवृत्तीनंतर माणसं बागेत फिरायला जातात, काकांनी जागतिक इतिहासाच्या एम.ए.ला नाव घातलं. जन्मभर देशांची नुसती नावं वाचली, आता आत काय चाललंय ते बघतो, एवढंच कारण त्यांनी काकूंना दिलं. वर्गात त्यांच्या शेजारच्या जागेसाठी मुलींची झुंबड उडे, कारण सुवाच्य टिपणं फक्त त्यांचीच असत.

कचेरीत यंत्रं आली तेव्हा भंगारात निघालेली अठ्ठेचाळीस खणांची लाकडी मांडणी काकांनी घरी आणली होती. ती जेवणाच्या खोलीत उभी होती आणि चपला ठेवायला म्हणून काकूंचा तिच्यावर पहिल्या दिवसापासून डोळा होता. काकांनी मात्र तिच्यात जग भरलं. प्रत्येक खणावर एका देशाच्या नावाची चिठ्ठी आणि ज्या देशाचं टिपण त्या देशाच्या खणात. कोपऱ्यातला शेवटचा खण जुन्या शिस्तीप्रमाणे ‘पत्ता अपुरा’. कुठल्याच देशात नीट न बसणारं टिपण तिकडे जाई.

सगळं सुरळीत चाललं होतं, अडलं ते प्रबंधाच्या आराखड्यापाशी. मार्गदर्शक बाई काकांच्या धाकट्या लेकीएवढ्या, पण शिस्तीला कडक. त्यांनी आराखडा दोनदा परत पाठवला. काका, हे सत्तेचाळीस देशांचे सत्तेचाळीस इतिहास झाले, यात जगाचा इतिहास कुठे आहे, असं त्यांनी विचारलं. आराखडा तिसऱ्यांदा नापास झाला तर नियमाप्रमाणे नाव कमी होणार होतं. काकांनी छत्तीस वर्षांत एकही पत्र चुकीच्या खणात टाकलं नव्हतं. त्यामुळे चूक खणांचीच असेल, ही शंका त्यांना शिवलीसुद्धा नाही. घरी येऊन त्यांनी नेटाने आणखी टिपणं काढली आणि पुन्हा त्याच खणांत सारली.

आराखडा द्यायच्या आदल्या सकाळी काकू मांडणी पुसत होत्या. कोपऱ्यापाशी येऊन त्यांचं फडकं अडलं.

“अहो,” त्या म्हणाल्या, “तुमच्या सगळ्या देशांत झुरळं आरामात फिरतायत. या एका खणात माझं बोटसुद्धा शिरत नाही. काय कोंबलंय एवढं?”

“काही नाही गं. ज्यांचा पत्ता लागत नाही ते.”

“म्हणजे तुमचं निम्मं जग बिनपत्त्याचंच की.”

काकांनी चहाचा कप बाजूला ठेवला. मग त्यांनी तो खण टेबलावर रिकामा केला. जन्म एका देशात, नोकरी दुसऱ्याच्या बोटीवर आणि आजारपण तिसऱ्याच्या बंदरात, असे खलाशी त्या टिपणांत होते. त्यांच्या मागे बंदरोबंदर फिरणारी, शिक्क्यांनी काळी झालेली बायकांची पत्रं. अशी पत्रं काकांनी स्वतः हाताळली होती आणि मनातल्या मनात त्या खलाशांना शिव्याही घातल्या होत्या. संध्याकाळपर्यंत टेबलावर जेवणाचं ताट ठेवायला जागा उरली नाही. काकूंनी कुरकुर न करता दोघांची ताटं ओट्यावर वाढली. रात्री काकांनी त्याच टिपणांवरून आराखडा नव्याने लिहिला.

दुसऱ्या दिवशी बाईंनी नवा आराखडा उभ्या उभ्या वाचायला घेतला आणि तिसऱ्या पानावर खुर्ची ओढून बसल्या.

“काका, हे इतके दिवस कुठे ठेवलं होतंत?”

“‘पत्ता अपुरा’च्या खणात, बाई,” काकांनी खरं ते सांगितलं.

बाईंनी हसत सही केली.

त्याच आठवड्यात काकांनी सत्तेचाळीस देशांच्या चिठ्ठ्या काढून मांडणी काकूंच्या ताब्यात दिली; फक्त कोपऱ्यातला ‘पत्ता अपुरा’ खण खलाशांची टिपणं परत ठेवायला स्वतःकडे राखला. चपला मात्र स्वतः लावल्या, सवयच ती. काकूंच्या वरच्या ओळीत, स्वतःच्या खाली, पाहुण्यांच्या मधे. शेवटी एक डाव्या पायाची चप्पल उरली. तिची जोडीदारीण कुणालाच आठवेना. काकांनी ती दोनदा उलटसुलट करून पाहिली आणि कोपऱ्यातल्या खणात, खलाशांच्या टिपणांशेजारी, अलगद सरकवली.