चुकलेल्या पेनल्टीनंतरचे गाणे

अख्ख्या हंगामात ज्याच्या नावावर एकही गोल नाही, अशा स्ट्रायकरवर लोक इतके प्रेम का करतात? नागोयात राहत असताना मला पडलेला हा प्रश्न. उत्तर शोधताना मी आधी चुकले.

जपानमधल्या २०११च्या मोठ्या भूकंपानंतरची ती वर्षे. पतींची नेमणूक मोटार कारखान्यात झाली आणि मी पुण्यातली शिक्षिकेची नोकरी सोडून आले. खालच्या मजल्यावर घानाचा एक फुटबॉलपटू राहत असे. आक्रा, मग बेल्जियम, मग जपान असा त्याचा प्रवास. इथल्या दुय्यम श्रेणीच्या क्लबाने त्याला एका हंगामासाठी घेतले होते. कचरा वेगळा करायला मी त्याला शिकवले, म्हणून तो मला सेन्सेई, म्हणजे बाई, म्हणे.

"सेन्सेई, झाकण वेगळं, बाटली वेगळी. पास?"

"लेबल राहिलं. नापास."

एका सकाळी मात्र तो हसला नाही. "नवा करार मिळाला तर बायको आणि मुलगी इथे येतील. नाहीतर मीच परत जाईन."

घरच्या मैदानावरच्या त्याच्या शेवटच्या सामन्याला मी, पती आणि मुलगी असे आम्ही तिघे गेलो. गोलफलक कोरा असताना त्याला पेनल्टी मिळाली. चेंडू आडव्या दांड्यावरून गेला. लगेच ढोल वाजले, आणि सगळा स्टँड त्याचे नाव घेऊन गाऊ लागला.

"सामान बांधायला घ्या म्हणावं," पती पुटपुटले.

सोपा झेल सुटला की आपल्याकडच्या गॅलरीतून जे ऐकू येते, तेच हे, असे मी गृहीत धरले. "किती निर्दय माणसं! वर ढोल वाजवून चिडवताहेत."

"चिगाउ, आई! चूक!" जपानी शाळेत जाणारी आमची मुलगी उसळली. "हे त्याचंच गाणं आहे. चुकला की जास्त जोरात म्हणायचं."

"तुला कोणी सांगितलं?"

"शाळेत शर्यतीत शेवटचा येतो ना, त्याच्यासाठीच आम्ही सगळ्यात जास्त ओरडतो."

मी पुन्हा नीट पाहिले. पुढच्या रांगेतल्या आजी गात होत्या. चेहऱ्यावर थट्टेचा लवलेश नव्हता. तोवर तो धावत आपल्या गोलपाशी पोहोचला होता, आणि आत शिरणारा चेंडू त्याने डोक्याने बाहेर घालवला. सामना बरोबरीत सुटला. रिवाजाप्रमाणे खेळाडू प्रेक्षकांपुढे रांगेत वाकले. सगळे सरळ झाले तरी तो वाकलेलाच होता.

काही दिवसांनी तो कचऱ्याच्या पिशव्यांपाशी भेटला. "सेन्सेई, तिघांच्या घरात कचरा किती होतो?"

"करार झाला?"

"एक वर्षाचा!"

गाण्यामुळे करार मिळाला, असा माझा दावा नाही. क्लबाने काय पाहिले, मला ठाऊक नाही. पण चुकल्यावर तो मान खाली घालून उभा राहिला नाही, धावत परत आला. आणि लोक त्या धावण्यासाठी गात होते, हे मी पाहिले. माझे निरीक्षण एकाच स्टँडमधले आहे. तेव्हा कधी जपानमधल्या मैदानावर गेलात, तर खेळाडू चुकल्यावर प्रेक्षकांकडे पाहा, आणि हे उत्तर स्वतः तपासा.