रक्तातलं आणि ताटातलं

दादाने सात महिने कुणाला काही सांगितलं नाही. शौचाला रक्त जायचं आणि तो म्हणायचा, मूळव्याध आहे, आपल्या बाबांनाही होती. बाबा त्याच 'मूळव्याधी'ने गेले, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. पण त्या काळी घरात मोठ्या आतड्याचा कॅन्सर हा शब्द कुणी उच्चारला नव्हता.

दादा कल्याणजवळ मोहन्याच्या रेयॉन कारखान्यात होता. कारखाना बंद पडल्यावर त्याने घराच्या पुढच्या खोलीत मोटर रिवाइंडिंगचं दुकान टाकलं आणि तिथेच राहिला. मी डोंबिवलीतल्या एका शाळेत गणित शिकवतो, राहतो ठाकुर्लीला. वहिनीचा फोन आला तेव्हा मी नववीचे पेपर तपासत होतो. "भाऊजी, हे दुकानात चक्कर येऊन पडले. या तुम्ही."

तपासणीत कॅन्सरच निघाला. नौपाड्यातल्या सर्जननी आतड्याचा वीतभर तुकडा कापून काढला. ऑपरेशन चांगलं झालं. डिस्चार्जच्या दिवशी डॉक्टर माझ्याकडे वळून म्हणाले, "वडील आणि आता भाऊ. तुम्हीही दुर्बिणीने तपासून घ्या, उशीर नको."

मी हो म्हटलं आणि चार महिने काही केलं नाही. परीक्षा आहेत, मग सुट्टीत बघू, असं चाललेलं. खरं म्हणजे मला भीती वाटत होती. शेवटी एका सकाळी दादाच दारात उभा. पँट कमरेवर सैल झालेली, हातात पिशवी.

"अरे, तू एकटा आलास?"

"रिक्षाने आलो. तुझी अपॉइंटमेंट घेतलीय, उद्याची. आज मी इथेच राहणार आणि तू ते औषध पिताना बघणार."

ते खारट, गुळचट पाणी लिटर-लिटर प्यायचं असतं. त्यानंतर दिवसभर माझ्या आणि संडासाच्या मध्ये जे आलं, त्याला बाजूला व्हावं लागलं. दादा हॉलमध्ये बसून हसत होता. ऑपरेशननंतर तो इतका हसलेला मी पहिल्यांदाच पाहिला.

मला आतड्यात दोन पॉलिप, म्हणजे मांसाचे बारीक कोंब, निघाले. तपासणीतच काढून टाकले. बायोप्सीत कॅन्सर नव्हता, पण ते तसेच राहिले असते तर पुढेमागे होऊ शकला असता, असं डॉक्टर म्हणाले. वर्षाने पुन्हा यायला सांगितलं.

रविवारी आम्ही मोहन्याला जमलो. दादा उदास होता. "आपल्या रक्तातच आहे रे. बाबा, मी, आता तू. त्याला कोण काय करणार?"

त्याची मुलगी कल्याणला बायोटेक्नॉलॉजीत एमएस्सी करते. ती भांडी पुसत होती, तिथूनच म्हणाली, "रक्तात असेलही थोडं, पप्पा. पण जीन असणं आणि जीन चालू असणं, यात फरक आहे."

"म्हणजे?"

ती फडकं घेऊनच येऊन बसली. "तुमच्या डोळ्याच्या पेशीत आणि आतड्याच्या पेशीत जीन्स जवळपास सारखेच. तरी डोळा डोळाच राहतो, कारण कुठले चालू आणि कुठले बंद हे प्रत्येक ठिकाणी वेगळं ठरतं. आतड्यात ते ठरवण्यात तुमच्या जेवणाचाही हात असतो. भाजीतला, डाळीतला चोथा आपल्याला पचत नाही, तो तिथले जंतू खातात. त्यातून ते एक आम्ल तयार करतात, ब्युटिरेट म्हणतात त्याला. आतड्याच्या पेशी त्याच्यावर जगतात. आणि बेताल वाढणाऱ्या पेशींना आवर घालणारे जीन्स चालू ठेवायला ते मदत करतं."

दादा म्हणाला, "म्हणजे मी माठाची भाजी खाल्ली तर आत कुणीतरी माझ्या बाजूने काम करणार?"

"हमी नाही हां. धोका कमी होतो, एवढंच. तपासण्या चुकवायच्या नाहीत."

"आणि मटण?"

"महिन्यातून एकदा," आतून वहिनी म्हणाली. दादाला रोज संध्याकाळी फरसाण आणि आठवड्यातून तीनदा मटण लागायचं. वहिनीला ही संधी सोडायची नव्हती.

मी मात्र मास्तरासारखाच वागलो. दुसऱ्या दिवसापासून दोन वाट्या मोड आलेले मूग, वाल आणि राजगिऱ्याची भाजी. तिसऱ्या दिवशी आठवी ब मध्ये प्रमेय शिकवताना पोटाने असा आवाज केला की पहिल्या बाकावरची मुलं खडूकडे बघायची सोडून माझ्याकडे बघायला लागली. पुतणीला फोन केला तर ती ओरडली, "काका, हळूहळू! जंतूंनाही सवय व्हायला वेळ लागतो."

दादाने नीट डॉक्टरांना विचारून सुरुवात केली. मग एक दिवस त्याने ठरवलं, नाचणीची भाकरी आपणच करायची. पहिली भाकरी परातीतच फाटली. दुसरी तव्यावर टाकताना दुमडली. वहिनी ओट्याला टेकून हसत होती. "आयुष्यभर तांब्याची तार गुंडाळली, हाताला पीठ नाही कळत!" पंधरा दिवसांत त्याला उकड काढायचं जमलं, आणि महिन्याभरात त्याची भाकरी तिच्यापेक्षा पातळ व्हायला लागली. हे वहिनी अजूनही कबूल करत नाही.

वर्षाने माझं आतडं स्वच्छ निघालं. मी डॉक्टरांना विचारलं, "हे खाण्यामुळे का?" ते म्हणाले, "पॉलिप काढले म्हणून, हे नक्की. खाण्याचं श्रेय किती, ते एका माणसावरून सांगता येत नाही. पण बंद करू नका." मला हे प्रामाणिक उत्तर आवडलं. दादाच्याही सगळ्या तपासण्या आजवर ठीक आल्यात.

गेल्या महिन्यात त्याच्या कारखान्यातला जुना सोबती दुकानात आला आणि खालच्या आवाजात म्हणाला, "मला पण मूळव्याध झालीय वाटतं." दादाने हातातली मोटर तशीच ठेवली, शटर ओढलं आणि त्याला रिक्षात घालून थेट नौपाड्याला नेलं. पुढच्याच आठवड्यात दुर्बीण झाली. त्याला खरोखरच मूळव्याध निघाली. तपासणीहून परतताना दोघं माझ्याकडे उतरले, चहा घेतला. तो गृहस्थ इतका खूश होता की मूळव्याध झाल्याचं त्याने माझ्या बायकोलाही दोनदा सांगितलं.